डोंगराळ भागात कॅमेरा-ड्रोनचा उपयोग : उड्डाणाच्या पद्धती व सुरक्षिततेच्या सोयी

महाड तालुक्यात रायगड किल्ल्याच्या पायथ्याशी हिरकणीवाडी हे लहानसे गाव वसलेले आहे. किल्ल्यावर जाणाऱ्या रोपवेचे खालचे स्थानक याच गावी आहे. या परिसरात सखल जागी भातखाचरे, उतारावरील वरकस जमिनीत नाचणी व वरी आणि त्यावर एकदम उभे कडे अशी जमिनीची ठेवण आहे. अशा ठिकाणी पावसाळ्यात कोणत्या खाचराचा बांध फुटला, कोठे गाळ साचला, हे पायी फिरून पाहावयाचे म्हटले तर दिवस पुरत नाही. याच तालुक्यातील तळिये येथे दिनांक २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळून ८० हून अधिक माणसे दगावली. तेव्हापासून वस्तीच्या वरच्या उतारास भेगा पडल्या आहेत काय, हे पाहण्याची निकडही सर्वांना पटलेली आहे. भेगाळलेल्या उतारावर माणूस चढविण्यापेक्षा कॅमेरा असलेला लहान ड्रोन तेथे पाठविणे केव्हाही शहाणपणाचे होय. मात्र छायाचित्रात भेग दिसल्यास तिचा अर्थ लावण्याचे काम तज्ज्ञांचे आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने ते चित्र विनाविलंब तहसील कचेरीत पोहोचते करावे.

औषध फवारणीचे ड्रोन आकाराने मोठे असतात आणि त्यांचा विचार येथे केलेला नाही. बाजारात मिळणारे, चार पंख्यांचे, पाव किलोपासून एक किलोपर्यंत वजनाचे छायाचित्रणाचे यंत्र एवढाच या लेखाचा विषय आहे. हे यंत्र उडविणे दिसते तितके अवघड नाही आणि वाटते तितके सोपेही नाही. सपाट माळरानावर जे यंत्र आपण होऊन सर्व सांभाळते, तेच डोंगराच्या कुशीत चालविणाऱ्यास चकवते. हे का घडते ते समजून घेतले पाहिजे.

नेहमीच्या पद्धतीत यंत्र उपग्रहांच्या संकेतांवरून आपले स्थान ठरविते. हातातील दांडी सोडली की ते जागच्या जागी थांबते. वारा आला तरी हटत नाही. शिकणाऱ्याने याच पद्धतीने उडवावे. संथ पद्धतीत वेग कमी ठेवला जातो. बांधाची किंवा पिकाची स्पष्ट चित्रे घेण्यास ती उत्तम. तिसरी वेगवान पद्धत, जिला 'स्पोर्ट' म्हणतात, ती शेतीच्या पाहणीत जवळजवळ निरुपयोगी आहे. बहुतेक यंत्रांत ही पद्धत लावताच अडथळे ओळखण्याची सोय बंद होते आणि थांबण्यास लागणारे अंतरही वाढते. तरुण मंडळींचे बोट नेमके याच कळीकडे वळते, म्हणून हे मुद्दाम सांगावे लागते.

याखेरीज एक पद्धत अशी आहे की जी कोणी निवडीत नाही, ती आपण होऊन येते. कड्याच्या अगदी जवळ अर्धे आकाश झाकले जाते, उपग्रह कमी दिसतात व स्थानाचा ठाव सुटतो. लोखंडी सांगाडे, पत्र्याची छपरे किंवा सळ्यांचा स्लॅब यांच्या सान्निध्यात यंत्रातील होकायंत्रही बिघडते. अशा वेळी यंत्र उंची राखते, तोल राखते, परंतु वाऱ्याबरोबर वाहत जाते. याला 'ॲटी' पद्धत म्हणतात. यंत्र बिघडले असे समजून घाबरू नये. वाऱ्याच्या उलट दिशेने दांडी हलकेच धरून ते कड्यापासून दूर, मोकळ्या जागी आणावे व उतरवावे. याचा सराव मोकळ्या मैदानावर जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली आधी झालेला असावा.

सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत गैरसमजाची सोय म्हणजे घरी परतण्याची. उड्डाणाच्या वेळी पुरेसे उपग्रह सापडले की यंत्र ती जागा 'घर' म्हणून नोंदविते. पुढे संपर्क तुटला, बॅटरी उतरली किंवा चालकाने कळ दाबली, तर ते ठरवून दिलेल्या उंचीवर चढते व सरळ रेषेत घराकडे येते. ही उंची उड्डाणाच्या जागेपासून मोजलेली असते. खालच्या जमिनीपासून नव्हे. समजा, खाचरातून यंत्र उडविले आणि परतीची उंची ४० मीटर ठेवली. यंत्र डोंगराच्या सोंडेपलीकडील घळीत गेले आणि सोंड खाचरापासून ६० मीटर उंच आहे. संपर्क तुटताच यंत्र ४० मीटरांवर येईल, घराकडे निघेल आणि सोंडेवर आदळेल. म्हणून परतीची उंची मार्गातील सर्वांत उंच झाड अथवा टेकाड यांहून निदान २० मीटर अधिक ठेवावी, आणि मधे सोंड येईल अशा जागी मुळातच जाऊ नये. हिरकणी रात्रीच्या अंधारात कडा उतरून आपल्या तान्ह्या बाळाकडे परतली अशी कथा आहे. तिला कड्याची वाट ठाऊक होती. यंत्राला फक्त सरळ रेषा ठाऊक असते. आंब्याच्या झाडाखालून किंवा पडवीतून उड्डाण करणेही चूक होय, कारण परतताना ते वरूनच खाली उतरते.

याच मोजमापाचा दुसरा परिणाम कायद्याशी निगडित आहे. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे हिरव्या क्षेत्रात सामान्यतः जमिनीपासून ४०० फूट, म्हणजे सुमारे १२० मीटर, उंचीपर्यंत उडविता येते. कड्याच्या माथ्यावरून दरीत यंत्र सोडल्यास पडद्यावर ५० मीटर दिसतील, पण खाली जमीन ३०० मीटर दूर असेल व नियमभंग होईल. उड्डाणापूर्वी नकाशावर क्षेत्र हिरवे, पिवळे की लाल ते पाहावे, यंत्राची नोंदणी करून घ्यावी आणि ते नजरेआड होऊ देऊ नये. रायगड हे केंद्रीय पुरातत्त्व विभागाचे संरक्षित स्मारक असल्याने गडाच्या हद्दीत त्या विभागाच्या लेखी परवानगीशिवाय ड्रोन नेऊ नये. कड्यांना आग्यामाश्यांची पोळी असू शकतात. ती उठल्यास पाहुण्यांच्या व गावकऱ्यांच्या जिवावर बेतते.

अडथळे ओळखणारे डोळे यंत्राच्या पुढे व खाली असतात, काहींत सर्व बाजूंनी असतात. ते भिंत ओळखतात, झाड ओळखतात, परंतु तार ओळखीत नाहीत. विजेच्या तारा व रोपवेचा दोर यांच्या बाबतीत यंत्रावर मुळीच विसंबू नये. तिन्हीसांजेला हे डोळे निकामी होतात. भाताच्या लावणीच्या वेळी पाण्याने भरलेले खाचर त्यांना आरशासारखे भासते. मग उंचीचा अंदाज चुकून यंत्र चिखलात बसते. चिखलणी झालेल्या शेतावरून जाताना निदान ८ ते १० मीटर उंची ठेवावी व उतरण्यासाठी कोरडा बांध किंवा अंथरलेली ताडपत्री वापरावी. पावसात ही यंत्रे टिकत नाहीत. उघडीप असेल तेव्हाच काम करावे.

बॅटरी २५ ते ३० मिनिटे चालते असे विक्रेता सांगतो, ते वारा नसताना. दुपारी घाटाकडे चढणारा वारा परतीच्या वेळी तोंडावर आला तर हिशेब कोलमडतो. म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडी जावे, येताना वाऱ्याबरोबर यावे आणि निम्मी बॅटरी उरताच माघारी वळावे. बॅटरी अगदी खालावल्यावर यंत्र घरी येत नाही. जेथे असेल तेथेच उतरते, मग खाली दरी असो वा नदी. फुगलेली बॅटरी पुन्हा भारित करू नये व उन्हात ठेवू नये. यंत्र उतरल्यावर पंखे पूर्ण थांबेपर्यंत कोणीही, विशेषतः मुलांनी, जवळ जाऊ नये. दोन्ही दांड्या खाली व आतल्या बाजूस ओढल्यास पुष्कळ यंत्रांत पंखे तत्काळ बंद होतात. आकाशात हे केले तर यंत्र दगडासारखे कोसळते, तेव्हा आपल्या यंत्रात ही सोय कशी आहे ते माहितीपुस्तिकेत वाचून मगच पहिले उड्डाण करावे.