दुर्बिणीची परीक्षा

तराजूच खोटा असेल तर त्याच्यावर शंभर वेळा तोलूनही चूक कळणार नाही. त्यासाठी दुसरा तराजू आणावा लागतो. ही साधी गोष्ट विसरल्याने केवढा घोटाळा होतो ते पाहा.

१९९० साली हबल दुर्बीण अंतराळात गेली. तिचा २.४ मीटर व्यासाचा आरसा अतिशय गुळगुळीत होता, तरीही प्रतिमा अस्पष्ट येऊ लागल्या. आरशाची कड सुमारे २ मायक्रॉनने, म्हणजे केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या भागाइतकी, जास्त घासली गेली होती. असे का झाले? आरसा तपासणाऱ्या उपकरणातील एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसले होते! दुसऱ्या उपकरणांनी दोष दाखवलाही होता. पण ती कमी अचूक समजून त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले. हबल पृथ्वीपासून सुमारे ६०० किलोमीटरवरच होती, म्हणून १९९३ साली अंतराळवीरांनी तिला जणू चष्मा बसवला.

जेम्स वेब दुर्बिणीला अशी सोय नव्हती. तिची जागा १५ लाख किलोमीटर दूर. तेथे दुरुस्तीला कोण जाणार? म्हणून सारे दोष जमिनीवरच शोधायचे होते.

ही दुर्बीण अवरक्त किरण टिपते. पण उबदार वस्तू स्वतःच असे किरण फेकते, म्हणून दुर्बीण सुमारे उणे २३० अंश सेल्सियसपर्यंत थंड हवी. थंडीत धातू आकसतो व आरशाचा आकार बदलतो. यावर तोड अशी, की बेरिलियमचे १८ षटकोनी आरसे नेहमीच्या तापमानाला मुद्दामच किंचित ‘चुकीचे’ घासले; थंड झाल्यावर ते बरोबर व्हावेत म्हणून.

तसे ते झाले का? २०१७ साली ह्यूस्टनच्या प्रचंड निर्वातकक्षात दुर्बीण सुमारे शंभर दिवस ठेवून हे तपासले. याच काळात बाहेर हार्वे वादळाचा पूर आला, तरी परीक्षा थांबली नाही.

अग्निबाणाचा आवाज आणि हादरे हीही परीक्षाच. २०१८ साली अशा ध्वनिपरीक्षेनंतर सूर्यकवचाच्या आवरणाचे काही स्क्रू व वॉशर निखळलेले आढळले. दुरुस्तीत वेळ गेला, पण दोष जमिनीवर सापडला! २५ डिसेंबर २०२१ रोजी दुर्बीण उडाली आणि पुढच्या वर्षी तिने स्पष्ट छायाचित्रे पाठवली.

प्रयोगशाळेत तुमची दोन मापे जुळली नाहीत, तर नावडते माप खोडू नका. ते का जुळत नाही, हे आधी शोधा.