आ कर, बाळा

माय-बापहो,

दीड-दोन वर्षांचं लेकरू मांडीवर घेऊन भरवताना आपण काय म्हणतो? ‘आ कर.’ आणि ते आ करतं. घासात काय आहे ते बघत नाही, वास घेत नाही. वरण-भात असो नाहीतर कडू काढा, तोंड उघडतं, कारण समोरचा हात आपला असतो. एवढ्या भरवशाने पुढे आयुष्यात कुणी आपल्यासमोर तोंड उघडत नाही. आज मला तुमच्याशी या तोंडाबद्दलच बोलायचं आहे. आधी ते कशालाही उघडतं, पुढे मिसरूड फुटायच्या वयात आपल्यासमोर घट्ट मिटतं. लेकरं सांभाळणं म्हणजे बरंचसं या दोन गोष्टी सांभाळणं.

३१ जानेवारी २०२१ चा रविवार तुम्हाला आठवत असेल. पल्स पोलिओचा दिवस. आपल्याच घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावात आया लेकरांना कडेवर घेऊन बुथावर गेल्या. पाच वर्षांखालच्या बारा लेकरांनी आ केलं आणि पोलिओच्या थेंबांऐवजी त्यांच्या तोंडात हात चोळायच्या सॅनिटायझरचे थेंब पडले. लेकरांना ओकाऱ्या सुरू झाल्या, त्यांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात ठेवावं लागलं. देवाची कृपा आणि डॉक्टरांची धावपळ, सगळी सुखरूप घरी परतली. कामात चुकलेल्यांवर कारवाईही झाली.

तेव्हा जिल्हाभर संताप झाला आणि तो रास्तच होता. पण तेवढ्यावरून कुणी पोलिओचा डोस चुकवू नका. त्याच दोन थेंबांच्या जोरावर २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. पण रागाच्या भरात एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटली. जी चूक त्या बुथावर झाली, तिची सगळी तयारी आपल्या घरात रोज मांडलेली असते. दिसायला सारख्या दोन बाटल्या, एक घाईतला हात आणि एक भाबडं तोंड.

आपल्याकडचा एक शब्दच घ्या. दवाखान्यातून खोकल्याची बाटली आणली तर ते ‘औषध’. कृषी केंद्रातून कपाशीवरच्या अळीसाठी बाटली आणली तर तेही ‘औषध’. ‘आज वावरात औषध मारायचं आहे,’ असं आपण लेकरांदेखत बोलतो. चार वर्षांच्या पोराला आपण कालच सांगितलेलं असतं, ‘औषध प्यालं की बरं वाटते.’ मग त्याने खाटेखालच्या बाटलीचं झाकण फिरवलं तर चूक कुणाची? मी म्हणते, आजपासून घरात फवारणीच्या बाटलीला औषध म्हणणं बंद करा. तिला जहर म्हणा. ‘जहर आणलं’, ‘जहर मारून आलो’, ‘जहर संपलं’. ऐकायला वाईट वाटेल, पण आठवडाभरात लेकरू त्या बाटलीपासून चार हात लांब राहायला शिकेल. आणि आपलाही हात तिला खाटेखाली सरकवताना थोडा अडखळेल.

हे जहर काय करतं ते आपल्या जिल्ह्याइतकं कुणाला ठाऊक? २०१७ च्या पावसाळ्यात फवारणी करताना विषबाधा झालेले शेकडो शेतकरी आणि मजूर यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात भरती झाले. वीसहून अधिक माणसं दगावली. त्यातल्या बहुतेकांनी ते प्यालं नव्हतं. नाकातून, कातडीतून, भिजलेल्या कपड्यांतून ते अंगात गेलं होतं. वावरात राबून काटक झालेल्या देहाची ही गत, तर दहा-बारा किलोच्या लेकराला किती पुरेल?

आता संध्याकाळचा आपला अंगणातला देखावा आठवा. बाबा फवारणी करून येतात आणि लेकरू धावत जाऊन पायाला मिठी मारतं. ती मिठी थोडी थांबवा. आधी अंगभर साबण लावून आंघोळ, मग लेकरू कडेवर. ते कपडे बाहेरच काढायचे आणि वेगळे धुवायचे, बाळाच्या लंगोटांसोबत एका बादलीत भिजवायचे नाहीत. बाटल्या कापूस भरलेल्या खोलीत नकोत, न्हाणीच्या कोनाड्यात नकोत, धान्याजवळ तर नकोतच. एक लोखंडी पेटी, तिला कुलूप, पेटी राहत्या घराबाहेर, किल्ली घरातल्या एकाच जाणत्या माणसाकडे. बाटलीवर चौकोनात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल. पण हिरवा म्हणजे बिनधोक असा अर्थ लेकरासाठी काढू नका.

उरलेलं जहर थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवू नका. आणि रिकामा डबा ‘चांगला धुतला आहे’ म्हणून तेला-पाण्याला घेऊ नका. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधल्या गंडामन गावच्या शाळेत मध्यान्ह भोजन जेवून २३ मुलं गेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस निघालं. हे नाव आपल्या कपाशीच्या पट्ट्यात कुणाला नवीन आहे? रिकाम्या डब्याला आधी भोक पाडा, म्हणजे तो वापरायचा मोहच होणार नाही.

आणि झालंच काही, लेकराच्या तोंडाला वास आला, लाळ गळू लागली, घाम फुटला, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, तर मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू नका. दूध नाही, तूप नाही, ताक नाही. ओकारी काढताना ते फुप्फुसात जाऊ शकतं. रॉकेल प्यालं असलं तरी हेच. अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून साबण-पाण्याने धुवा, लेकराला कुशीवर निजवा, १०८ ला फोन करा. जाताना ती बाटली सोबत न्या. आतलं जहर कोणतं हे कळलं तर डॉक्टरांना लगेच नेमका इलाज सुरू करता येतो.

बाटलीइतकीच काळजी खाली निजलेल्या लेकराची घ्यावी लागते. पावसाळ्यात मण्यार रात्री घरात शिरते. तिचा दंश नागासारखा आग पाखडत नाही, पुष्कळदा झोपलेल्याला कळतही नाही. पहाटे लेकरू पोट दुखतं म्हणून रडत उठतं, आपण ‘वात धरला’ म्हणून ओवा देतो. पापण्या जड होऊन मिटू लागल्या, बोलणं बोबडं झालं, घोट गिळता येईना, तर ओवा, भगत, दोरी, ब्लेड सगळं बाजूला ठेवा. हातपाय हलू न देता सरळ सरकारी दवाखाना गाठा, सापाच्या विषावरची लस तिथे मिळते. एरवी खाट आणि कडा गादीखाली खोचलेली मच्छरदाणी, एवढ्यावर पुष्कळ राखण होते.

पांढरकवड्याकडच्या गावांत मुली हसताना तोंडावर हात धरतात. लाजाळूपणा म्हणून आपण कौतुक करतो. कित्येकदा हाताआड पिवळे-तपकिरी डाग पडलेले दात असतात. हे फ्लोराइडचे डाग आहेत, घासून जाणारे नाहीत. हिरडीखाली दात तयार होत असतानाच, म्हणजे साधारण सात-आठ वर्षांपर्यंत, पिण्यातलं फ्लोराइड त्यात उतरतं. पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर ते नको. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटतं आणि फ्लोराइड तेवढंच उरतं. ग्रामपंचायतीला विचारा, आपल्या हापशीच्या पाण्याची तपासणी कधी झाली होती आणि काय निघालं. लेकरापुरतं तरी चांगल्या स्रोताचं पाणी आणा. पंधराव्या वर्षी मुलीला दाताच्या डॉक्टरकडे नेण्यापेक्षा दुसऱ्या वर्षी घागर बदलणं सोपं.

आता खर्रा. राग येऊ देऊ नका, पण हे बोलल्याशिवाय यवतमाळात हितगुज पुरं व्हायचं नाही. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घालून घोटलेला. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, पण आपल्या टपरीवर खर्रा घोटायचं काही थांबलं नाही. आणि टपरीवर कोण उभं असतं? ‘जा रे, बाबासाठी दोन खर्रे घेऊन ये’ म्हणून आपणच धाडलेलं दहा वर्षांचं पोट्टं. ते घोटणाऱ्याचा हात बघतं, उरलेल्या पैशाची गोळी घेतं, येताना बोटाला लागलेलं चाटून बघतं. इथेही हात आपलाच, फक्त या वेळी ‘आ कर’ म्हणावं लागत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणं गुन्हा आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्यात मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड सांगितला आहे. कायदा टपरीवाल्याला विचारेल तेव्हा विचारेल. बाबांनी आपल्यापुरतं एवढं करावं, खर्रा आणायला पोराला धाडू नये. सुटत नसेल तर स्वतः जावं आणि ‘मला हे सुटत नाही रे, तू लागू नको’ असं खरं सांगावं. वडलांची ही कबुली पोरगा शाळेतल्या फलकापेक्षा जास्त दिवस ध्यानात ठेवतो.

तंबाखू नसलेली नुसती सुपारीही निर्दोष नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तिला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरलं आहे. तोंड आखडायला सुरुवात अशी होते: परवापर्यंत मिरचीचा ठेचा चवीने खाणारा पोरगा ‘तोंड जळते’ म्हणून ताट सरकवतो. मग गालाची आतली कातडी पांढुरकी, ताठर होते. मग तोंड उघडेनासं होतं. मोठ्या माणसाच्या उघड्या तोंडात स्वतःची तीन बोटं, एकावर एक, उभी मावायला हवीत. दोनच मावली तर दवाखाना गाठायचा. ज्या तोंडाने एकदा कशालाही आ केलं होतं, त्याला आता भाकरीच्या घासापुरतंही उघडता येत नाही, असं कुण्या मायने बघू नये.

दुसरं मिटणं यापेक्षा अवघड, कारण ते बोटांनी मोजता येत नाही. मुलगी एसटीने तालुक्याच्या कॉलेजात जाते. कुणी मागे लागतं, कुणी फोनवर फोटो मागतं, कुणी धमकावतं. ती दोनदा बोलायला येते. पहिल्या वाक्याला आपण म्हणतो, ‘तू गेलीसच कशाला तिकडे?’ झालं, तोंड मिटलं. यानंतर कॉलेज बंद, फोन बंद, किंवा घाईघाईने लग्न, हे सगळं तिला आधीच दिसतं, म्हणून ती गप्प राहणंच पसंत करते. झरी-जामणीतल्या कोलाम मुलींवर लादलेल्या कुमारी मातृत्वाचा प्रश्न आपण कित्येक वर्षं ऐकतो आहोत. फसवणारे निघून गेले, बोल मुलींना लागला. अठरा वर्षांखालच्या मुलीची संमती २०१२ चा पोक्सो कायदा मानत नाही, दोष तिचा नसतोच. हे कायद्याला कळतं, घराला कळायला वेळ का लागावा? पोर काही सांगू लागली की पहिलं वाक्य एवढंच असू द्या, ‘बरं केलंस सांगितलंस.’ दुसरं वाक्य सुचलं नाही तरी चालेल. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर तिला आणि तिच्या भावालाही पाठ करून द्या. भावांनाही कुणी छळतं, ते तर आणखी गप्प असतात.

आणि एक, हलक्या आवाजात. कापसाचा भाव पडला, बँकेची नोटीस आली, की रात्री आपण दोघं कुजबुजतो. भिंतीपलीकडे लेकरू जागं असतं. ‘माझ्या फीमुळेच’ असा हिशेब ते मनात मांडतं. त्याला एकदा दिवसाउजेडी सांगा, कर्ज आमचं आहे, तुझ्यामुळे झालेलं नाही, तू कमी पडलेला नाहीस. निकालाच्या दिवशी गुणपत्रिका हातात घ्यायच्या आधी त्याला जेवायला वाढा. तो अबोल झाला, झोप उडाली, जेवण तुटलं, तर सरळ विचारा, ‘जीव नकोसा वाटतो काय रे?’ विचारल्याने असले विचार डोक्यात येत नाहीत, आलेले असले तर बाहेर पडतात. १४४१६ वर दिवसरात्र समुपदेशक बोलतात, पैसे लागत नाहीत. आणि ती कुलपातली पेटी इथेही राखण करते. श्रीलंकेने १९९५ पासून जहाल कीटकनाशकांवर एकेक करून बंदी आणली आणि तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याहूनही खाली आलं. वाईट घडी पुष्कळदा थोड्या वेळाची असते, तेवढ्या वेळात जहर हाती लागलं नाही तर माणूस वाचतो.

तेव्हा आज सांजेला एवढं करा. घरातल्या बाटल्या गोळा करून पेटीला कुलूप घाला. मग जेवायला सगळे एका पंगतीत बसा, फोन बाजूला. पहिला घास मोडून त्या मिसरूड फुटलेल्या, उंच झालेल्या पोरासमोर धरा आणि म्हणा, ‘आ कर.’ तो लाजेल, ‘काय वं माय’ म्हणेल, इकडेतिकडे बघेल. घास घेतलाच तर तोंड पुरतं उघडतं की नाही ते बघून घ्या. आणि घास गिळून तो काही बोलायला लागला, तर वरण निवलं तरी चालेल, मध्ये बोलू नका.