मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णाची शय्या

आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य या तीन उपस्तंभांपैकी आहारासंबंधी आपण वैद्य रुग्णाशी अर्धा अर्धा तास बोलतो. निद्रेसंबंधी 'झोप लागते का?' एवढे विचारून पुढे जातो, आणि ती निद्रा ज्या शय्येवर घ्यावयाची तिच्याविषयी बहुधा काहीच विचारीत नाही. विचारलेच, तर कंबरदुखीच्या प्रत्येक रुग्णासाठी 'गादी काढा, फळीवर झोपा' हे एकच उत्तर आपल्यापाशी तयार असते. एका विशिष्ट व्याधीत हे उत्तर किती अपायकारक ठरते, ते आम्हांस काही वर्षांपूर्वी स्वतःच्याच चुकीतून कळले. ती हकीकत आणि त्यानंतर गाद्यांविषयी आम्ही जमविलेली माहिती येथे देत आहोत. औषधालय चालविणाऱ्या सभासदांनी ती विशेष लक्षपूर्वक वाचावी अशी विनंती आहे. रुग्ण गादीविषयी वैद्याला क्वचितच विचारतो, दुकानात मात्र हमखास विचारतो.

रुग्णा प्राथमिक शाळेतील शिक्षिका, वय वर्षे 38. मेंदूविकारतज्ज्ञांनी चार वर्षांपूर्वी एम. आर. आय. करून मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एम. एस., असे निदान केले होते व त्यांची औषधे चालू होती. ती बंद करण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्याकडे त्या आल्या त्या पायांतील ताठरता, मलावष्टंभ आणि रात्री वारंवार मोडणारी झोप यांसाठी. जाता जाता कंबर दुखते असेही म्हणाल्या आणि आम्ही सवयीने फळी सांगितली. फळी व तिच्यावर एक गोधडी. तीन आठवड्यांनी त्यांच्या सासूबाई बरोबर आल्या. पाठीला तेल लावताना सुनेच्या माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग त्यांना दिसला होता. बोटाने दाबला तरी तो फिका पडत नव्हता. रुग्णेस स्वतःला त्याची काहीही जाणीव नव्हती. दाबूनही न विरणारी लाली ही शय्याव्रणाची पहिली पायरी होय. सुदैवाने व्रण झाला नाही, पण डाग जिरावयास दोन आठवडे लागले.

या व्याधीत शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदू व सुषुम्नेतील मज्जातंतूंच्या मायलिन नामक आवरणावर आघात करते, त्यामुळे संदेशवहन मंदावते वा खंडित होते. सामान्यतः विशी ते चाळिशीच्या दरम्यान आरंभ होतो आणि स्त्रियांत प्रमाण अधिक आढळते. आयुर्वेदीय परिभाषेत ह्यास आवृत वात म्हणावे की मज्जागत वात, हा वाद येथे उकरून काढीत नाही, कारण गादीच्या दुकानात त्याचा उपयोग नाही. उपयोग आहे तो पुढील लक्षणांचा. पायांत स्तंभ असतो व रात्री आक्षेप येतात. त्वचेस सुप्तता असते, म्हणजे दाब, उष्णता, ओल यांची सूचना मेंदूपर्यंत पोहोचत नाही. मूत्रवेग आवरत नाही, म्हणून रात्री दोनतीनदा उठावे लागते. थकवा असा, की कूस बदलणे हेसुद्धा एक काम होऊन बसते. निरोगी मनुष्य झोपेत नकळत कित्येकदा कूस बदलतो, हाडाच्या उंचवट्यावरील दाब त्यामुळे आपोआप हलका होतो. एम. एस.च्या रुग्णास तो दाब जाणवत नाही आणि जाणवला तरी वळण्याचे बळ नसते. तेव्हा या रुग्णासाठी गादी पाहताना पहिला प्रश्न 'मऊ की कडक?' हा नसून 'हिच्यावर स्वतः वळता येते का?' हा आहे.

फळीचा सल्ला शास्त्राच्या नावाने दिला जातो, म्हणून शास्त्राकडेही पाहिले. चरकाचार्यांनी वातव्याधीच्या हेतूंत दुःखशय्येचा स्पष्ट उल्लेख केला आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील 19वा अध्याय व्रणिताच्या उपचर्येचा आहे व त्यात रुग्णाच्या शय्येचा स्वतंत्र विचार आहे. भावप्रकाशात तर शय्यांचे गुणदोषच सांगितले आहेत: खट्वा त्रिदोषशामक, कापसाची गादी वातकफनाशक, भूशय्या बृंहण आणि लाकडी फळी वातकर. म्हणजे ज्या व्याधीत वात हाच मुख्य, तेथे आम्ही वातकर शय्या सांगितली होती! खाटेच्या बाबतीत मात्र एक खुलासा हवा. ढिली पडलेली सुंभाची बाज ही झोळी असते. तिच्यात ढुंगण खाली जाते, गुडघे वर येतात आणि रुग्ण अडकतो. भावमिश्रांनी प्रशंसा केलेली खाट ती नव्हे.

फळी काढल्यावर शिक्षिकाबाईंच्या भावाने पुण्याहून मेमरी फोमची महाग गादी पाठविली. हा फोम 1966 साली अमेरिकेच्या नासा संस्थेसाठी विमानातील आसनांच्या संदर्भात प्रथम तयार करण्यात आला. अंगाच्या उष्णतेने तो मऊ होतो व शरीराचा साचा घेतो. दाब पसरविण्याचा गुण त्यात निश्चितच आहे, आणि ज्यांचे हातपाय चांगले चालतात त्यांना तो सुखावह वाटतो. परंतु वळावयाचे म्हटले की त्या साच्यातून बाहेर यावे लागते, आणि दुर्बळ रुग्णास तो खड्डा ठरतो. दुसरे, हा फोम उष्णता धरून ठेवतो. एप्रिल महिन्यात बाई सकाळी उठत तेव्हा पाय अधिक जड झालेले असत व दृष्टीही अंधुक वाटे. देहाची उष्णता थोडी वाढली तरी एम. एस.ची लक्षणे तात्पुरती बळावतात. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने 1890 मध्ये हे वर्णिले असून ही घटना त्यांच्याच नावाने ओळखली जाते. अंग निवले की लक्षणेही ओसरतात. (जाता जाता: या रुग्णास सर्वांग बाष्पस्वेद देण्यापूर्वी हेच ध्यानात घ्यावे. आणि सुप्त पायांना गरम पाण्याची पिशवी कधीही देऊ नये, भाजल्याचे कळतच नाही.)

अखेर जी व्यवस्था लागू पडली ती साधी होती. खाली रबर चढविलेल्या काथ्याची चार इंची पक्की गादी आणि तिच्यावर नव्याने पिंजलेल्या कापसाची दोन इंची पातळ गादी. काथ्यातून हवा खेळते, बैठक खचत नाही, आणि कापसाचा थर हाडांच्या उंचवट्यांना सांभाळतो. कापूस वर्षभरात दबतो, त्याच्या गाठी होतात व त्या फळीपेक्षाही वाईट, म्हणून दरवर्षी पिंजून घेणे आवश्यक. सावरीचा कापूस वापरू नये, तो फार मऊ असल्याने अंग रुतते. ज्यांना कापूस नको त्यांनी लॅटेक्स पाहावे. ते दाबले तरी चटकन वर येते, त्यामुळे वळणे सोपे जाते. मात्र तेलाने लॅटेक्स खराब होते. अभ्यंग गादीवर न करता वेगळ्या बाकावर करावा व तेल नीट टिपून मगच रुग्णास शय्येवर घ्यावे. स्प्रिंगच्या गादीत कडेचा भाग घट्ट आहे ना, ते पाहावे. रात्री लघवीस उठताना रुग्ण कडेवर बसतो आणि कड दबली तर घसरून पडतो.

दुकानात गादी पाहावयास रुग्णाने स्वतः जावे, आणि तेही सायंकाळी, थकलेल्या अवस्थेत. सकाळी ज्या गादीवर सहज वळता येते ती रात्री दाद देत नाही. पंधरावीस मिनिटे पडून दोन्ही कुशींवर वळून पाहावे, कडेवर बसून उठून पाहावे. उताणे निजल्यावर कंबरेखालून हात अगदी मोकळा जात असेल तर गादी फार कडक. हात शिरतच नसेल तर फार मऊ. जाडीही मोजावी. जुन्या पलंगावर दहा इंची गादी आली की पाय जमिनीला टेकत नाहीत. एकूण उंची रुग्णाच्या गुडघ्यामागील घडीइतकी असावी, बसल्यावर तळवे पूर्ण टेकले पाहिजेत. चादर सुती व ताणलेली असावी, कंबरेखाली तेवढा गुळगुळीत कापडाचा पट्टा घातला तर वळताना अंग सरकते. रेक्झिनचे आच्छादन घामाने त्वचा भिजविते, त्याऐवजी हवा जाऊ देणारे पातळ जलरोधक कव्हर घ्यावे. पायांवर जड पांघरूण घट्ट खोचू नये, त्याने आक्षेप चाळवतात.

ज्या रुग्णास स्वतः मुळीच वळता येत नाही, त्यास हे सारे अपुरे आहे. तेथे पंपावर चालणारी, आळीपाळीने फुगणारी हवेची गादी लागते. आपल्या औषधालयांतून ती विकली वा भाड्याने दिली जाते, म्हणून दोन गोष्टी सांगणे भाग आहे. पहिली, गादी बसवून दिल्यावर रुग्णाच्या माकडहाडाखाली, गादीच्या तळाशी, तळवा वर करून हात घालून पाहावा. हात आणि हाड यांमध्ये इंचभर तरी हवेचा आधार जाणवला पाहिजे, नसेल तर हवा कमी आहे. दुसरी, वीज गेली की काही गाद्यांतील हवा हळूहळू उतरते, आणि खाली लोखंडी पलंग असेल तर रुग्ण पत्र्यावर येतो. खाली नेहमीची गादी ठेवावीच. हवेची गादी आहे म्हणून कूस बदलणे थांबविता येत नाही, हेही घरच्यांना सांगावे. तज्ज्ञांनी नेमून दिलेल्या अंतराने, रात्रीसुद्धा, रुग्णास वळविले पाहिजे आणि टाचा उशीच्या आधाराने अधांतरी ठेविल्या पाहिजेत.

रबराची फुगवावयाची गोल चक्री मात्र विकू नये. मधली जागा मोकळी राहते हे खरे, पण कडेच्या वर्तुळावर दाब वाढून आतल्या भागाचा रक्तपुरवठाच अडतो, म्हणून शय्याव्रणासाठी आता ती निषिद्ध मानली जाते. आमच्या स्वतःच्या औषधालयात तिचे सात नग पडून होते, ते आम्ही परत पाठविले.

सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही. तेथे हाताच्या पाठीने स्पर्श करून उष्णता व कठीणपणा पाहावा: रोज एकदा, माकडहाड, खुबे, टाचा आणि घोटे. आमच्या रुग्णपत्रकावर प्रकृती व कोष्ठ यांखाली आता 'शय्या' असा एक रकाना आहे. त्यात गादीचा प्रकार, जाडी, पलंगाची उंची आणि रात्री रुग्णास कोण वळविते, एवढे लिहून घेतो. शिक्षिकाबाईंच्या पत्रकात या शेवटच्या प्रश्नापुढे पहिल्या वर्षी 'सासूबाई' असे लिहिलेले आहे आणि नंतरच्या सर्व नोंदींत 'स्वतः'.