गादीवाफ्यांना माती किती घ्यावी?

कोकणच्या सड्यावर ज्यांची घरे आहेत, त्यांस कातळ म्हणजे काय हे सांगावयास नको. कुदळ मारावी तर ठिणगी उडावी, आणि पावसाळ्यात जे हिरवेगार दिसे ते दिवाळीनंतर वाळून जावे, अशी ती भूमी. आमच्या शाळेच्या पाठीमागील आवार याच जातीचे आहे. अशा ठिकाणी वसतिगृहातील मुलांच्या ताटात घरची पालेभाजी पडावी अशी इच्छा धरली, तर खणण्याचा नाद सोडून जमिनीवरच जमीन रचावी लागते. शेतकरी नुसत्या मातीचा उंच वाफा करतात, त्यास गादीवाफा म्हणतात. आम्ही त्यास जांभ्या चिऱ्यांची चौकट दिली, इतकेच काय ते अधिक. चिऱ्यांच्या खालच्या सांध्यांत मात्र पाणी जाण्यास वाटा ठेविल्या. नाही तर कोकणच्या पावसात वाफ्याचे टाके व्हावयाचे.

चौकटी सहा झाल्या. चिरे जुन्या पडक्या कुंपणाचे होते म्हणून फुकट मिळाले, आणि शेणखत एका पालकांनी आपल्या गोठ्यातून देऊ केले. विकत घ्यावयाची ती केवळ माती. त्यासाठी मुलांनी वर्षभर रद्दी विकून पैसे साठविले होते. ते सुमारे दोन ब्रास मातीस पुरावेत एवढेच होते. बुरूज बांधू पाहणारा मनुष्य आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो, हा लूककृत शुभवर्तमानातील दाखला आम्ही प्रार्थनेच्या वेळी अनेकदा ऐकला आहे. या खेपेस तो फळ्यावर सोडविण्याचा प्रसंग आला.

ब्रास हे माप आपल्याकडे वाळू, खडी, मुरूम व माती यांच्या व्यवहारात चालते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. मीटरच्या हिशेबाने २.८३ घनमीटर. तेव्हा घनफूट काढावयाचे आणि शंभराने भागावयाचे, इतके सोपे काम आहे असे आठवीच्या वर्गास वाटले. त्यांनी फीत धरली. चौकटीची लांबी १२ फूट, रुंदी ५ फूट, उंची १४ इंच. गुणाकार केला तेव्हा एका वाफ्यास ७० घनफूट आले. सहा वाफ्यांस ४२०, म्हणजे चार ब्रासांहून अधिक. हे आकडे फळ्यावर पडताच वर्गात शांतता पसरली. निम्मे वाफे पुढील वर्षावर टाकावेत, असे आम्हीही जवळजवळ ठरविले होते.

इतक्यात मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, “सर, चिऱ्याच्या पोटात माती कशी राहील?”

प्रश्न ऐकून काही मुले हसली. परंतु हसण्यासारखे त्यात काही नव्हते. फीत चौकटीच्या बाहेरून धरली होती. आमच्या चिऱ्यांची रुंदी नऊ इंच भरली. दोन्ही बाजूंचे मिळून दीड फूट लांबीतून आणि दीड फूट रुंदीतून वजा करावयास पाहिजेत. म्हणजे आतील लांबी साडेदहा फूट व रुंदी साडेतीन फूट. क्षेत्रफळ ६० चौरस फुटांऐवजी ३६.७५. शिवाय माती काठोकाठ भरीत नाहीत. पाणी घातले की ते वाहून जाऊ नये म्हणून वर दोन इंच मोकळे ठेवावे लागते, तेव्हा मातीची खोली एक फूट झाली. मेथी-पालकास एवढी लागतही नाही. मुळा आणि वांगी यांस मात्र कमी पडू नये. अशा रीतीने एका वाफ्यास ३६.७५ घनफूट, सहांस २२०.५. मूळ आकड्याच्या निम्म्याहून थोडे अधिक! सारी चूक फीत कोठे धरली यात होती, गुणाकारात नव्हती.

पण हिशेब येथे संपला नाही. आणलेली माती भुसभुशीत असते. तिच्या कणांत पोकळी असते, आणि चार पाणी पडताच ती खाली बसते. किती बसते, हे पुस्तकात पाहून सांगता येत नाही, कारण मातीमातीत फरक असतो. म्हणून आम्ही तेलाचा एक उभा रिकामा डबा घेतला व तळाशी भोके पाडली. माती देणाऱ्या गृहस्थांकडून नमुन्याची माती आणविली. दोन वाटे माती आणि एक वाटा शेणखत हे प्रमाण आम्हांस ठेवावयाचे होते. त्याप्रमाणे डब्यात आठ इंच भरेल इतकी माती व चार इंच भरेल इतके खत वेगवेगळे मोजून घेतले, कालविले, डब्यात भरले आणि आठवडाभर रोज पाणी घातले. शेवटी पट्टी लाविली तेव्हा बारा इंचांचे दहा इंच राहिले होते. एक षष्ठांश गेला.

आता विद्यार्थ्यांनी येथे थोडे थांबावे, कारण वर्गातील बहुतेक सर्व मुले येथेच फसली. एक षष्ठांश कमी होते, तर २२०.५ मध्ये त्याचा एक षष्ठांश मिळवावा, असे त्यांनी केले. उत्तर आले २५७.२५. ताळा पाहू. २५७.२५ मधून त्याचाच सहावा भाग गेला की उरतात २१४.३७५ घनफूट, म्हणजे सहा घनफूट अपुरे. कारण घट होते ती भरलेल्या मातीच्या सहाव्या भागाची, बसलेल्या मातीच्या नव्हे. सहा भाग भरावे तेव्हा पाच उरतात. म्हणून पाचांवरून सहा करावयाचे, म्हणजेच एक पंचमांश मिळवावयाचा. २२०.५ अधिक ४४.१ म्हणजे २६४.६ घनफूट. हिचा ताळा बरोबर जमतो. व्याजाच्या व सुटीच्या उदाहरणांतही हीच ठेच लागते, हे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांस आठवेल.

या २६४.६ पैकी दोन तृतीयांश माती, म्हणजे १७६.४ घनफूट, खत ८८.२. माती पावणेदोन ब्रासांहून किंचित अधिक झाली. पैसे दोन ब्रासांचे होते. मुलांच्या मुद्रा उजळल्या.

माती देणारे गृहस्थ म्हणाले, “एक ट्रॉली म्हणजे एक ब्रास.” दोन ट्रॉल्या ठरल्या. पहिली आली तेव्हा ती रिती होण्यापूर्वी मुलांनी फीत लाविली: आतून लांबी दहा फूट, रुंदी साडेपाच फूट, फळीची उंची दीड फूट. गुणाकार ८२.५ घनफूट, ब्रास नव्हे. गृहस्थ म्हणाले की भरताना वर शीग असते, ती वाटेत हादऱ्यांनी बसते. हे अगदीच खोटे नव्हते. परंतु आलेली माती फळीच्या काठाबरोबर सपाट होती. थोड्या बोलाचालीनंतर त्यांनी दोन्ही ट्रॉल्यांचे १६५ घनफुटांचेच पैसे घेतले. आमचे पालकांस सांगणे असे की, माती, वाळू वा खडी काहीही घ्या. ट्रॉलीच्या संख्येवर भाव ठरवू नका, आणि माल उतरण्यापूर्वी माप घ्या. उतरलेल्या ढिगाचे माप कोणासही नीट घेता येत नाही. वजनावरही घेऊ नये, कारण भिजलेल्या मातीत आपण पाण्याचे पैसे देतो.

आता ११.४ घनफूट उणे राहिले. वसतिगृहाच्या विहिरीचा उपसलेला गाळ वाळून पडला होता. एक घमेले पाण्याने मोजले, ते बारा लिटरांचे भरले. घनफुटात २८.३ लिटर, तेव्हा सुमारे २७ घमेली, शिगेची नव्हे, सपाट. मुलांनी ती एका सायंकाळी वाहिली.

काही पालक गच्चीवर असे वाफे करू इच्छितात असे कळते. त्यांनी माती मोजण्यापूर्वी वजन मोजावे. आमच्या एका वाफ्यातील माती एक घनमीटरहून थोडी अधिक आहे, आणि ओली माती घनमीटरला दीड टनाहून जास्त भरते. इमारतीच्या अभियंत्यास विचारल्यावाचून असा भार स्लॅबवर चढवू नये.

भरलेली माती आरंभी चिऱ्यांच्या किंचित वर आली होती. जूनच्या पहिल्या पंधरवड्यानंतर पट्टी लाविली तेव्हा पाच वाफे डब्याने सांगितल्याप्रमाणे सुमारे अडीच इंच बसले होते. सहावा चार इंच बसला. चौकशी केली असता दोन मुलांनी कबूल केले की, माती वाचावी म्हणून त्यांनी त्याच्या तळाशी सुकी पाने दडपून भरली होती. पाने कुजून खतच होते, म्हणून आम्ही त्यांस रागे भरलो नाही. मात्र तो वाफा पुन्हा भरण्यास किती घमेली लागतील, हे उदाहरण त्यांच्याच वहीत घातले आहे.