फूल पडण्याआधी

आमच्याकडे ऊसतोडीच्या दिवसांत कोणाच्या ना कोणाच्या डोळ्याला उसाचे पाते लागतेच. डोळा लाल होतो, पाणी गळते, चार दिवस घरगुती उपाय चालतात. पुढे बुबुळावर पांढरा डाग दिसू लागला की ‘फूल पडले’ असे म्हणून माणसे गप्प बसतात. कला शाखेच्या विद्यार्थ्याने प्रकाशशास्त्रात शिरणे हे धाडसच. पण हा विषय आमच्या बांधावरचा आहे.

फूल पडते ते पारपटलावर, म्हणजे डोळ्याच्या दर्शनी काचेवर. मध्यभागी तिची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. ओरखड्यातून बुरशी आत शिरली की व्रण होतो आणि तो भरला तरी वण राहतो. हेच ते फूल. जीवाणूंचा व्रणही बराचसा असाच दिसतो, औषध मात्र निराळे. प्रयोगशाळेत बुरशी वाढवून पाहावी तर कित्येक दिवस जातात. तेवढ्यात कोणी स्टेरॉइडचे थेंब घातले, तर बुरशीला रान मोकळेच!

जिवंत डोळ्यातच ही बुरशी पाहता येते, ती कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाने. त्याचे तत्त्व मार्विन मिन्स्की या अमेरिकन शास्त्रज्ञाचे. पेटंटसाठी त्यांनी १९५७ साली अर्ज केला. त्यांना पाहायच्या होत्या मेंदूतील पेशी! जाड पदार्थात वरच्या-खालच्या थरांचा प्रकाश मिसळून चित्र गढूळ होते. मिन्स्कींनी परतणाऱ्या प्रकाशाच्या वाटेत एक सूक्ष्म छिद्र ठेवले. ज्या थरावर नेम धरला आहे त्याचाच प्रकाश त्यातून पार होतो, बाकीचा अडतो. कांदा न चिरता त्याचा एकेक पापुद्रा पाहावा, तसे हे आहे. डोळा बधिर करून यंत्राचे टोक त्याला हलकेच टेकवतात, आणि सुमारे एक मायक्रॉनपर्यंतचे बारकावे पडद्यावर दिसतात. बुरशीचे तंतू तीन ते पाच मायक्रॉन रुंद, म्हणून ते चमकत्या दोऱ्यांसारखे उमटतात. बहुतेक जीवाणू मात्र इतके लहान की ते ओळखू येत नाहीत.

हे यंत्र महाग आहे, ते चालवायला सरावलेला हात लागतो. व्रण खरवडून, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तरी बुरशी बहुधा काही मिनिटांत सापडते. ही स्वस्त तपासणी आधी व्हावी, असे मला वाटते. बुरशी खोलवर गेली आणि खरवडीत काही आलेच नाही, म्हणजे मग त्या छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचे खरे काम सुरू होते.