पॉइंट टू टू : एका छोट्या काडतुसाचं इंजिनिअरिंग

कोल्हापूर म्हटलं की लोकांना तालीम, तांबडा-पांढरा आणि चप्पल आठवते. पण आपल्या जिल्ह्याचं नाव जगात नेमबाजांनीही नेलं आहे. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाली. राही सरनोबतनं २०१८ च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण घेतलं. आणि १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं, ४५१.४ गुणांनी. कुणाच्या हातात रायफल, कुणाच्या हातात पिस्तूल, पण तिघांचं काडतूस एकच. त्याचं नाव .२२ लाँग रायफल. आपले एनसीसीवाले ज्याला नुसतं 'पॉइंट टू टू' म्हणतात तेच.

हेच काडतूस अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात शेतकरी ससे, खारी असल्या उपद्रवी प्राण्यांवर वापरतात. त्यामुळे आमच्या विंगमधल्या एका शेतकऱ्याच्या पोरानं विचारलं, "उसात घुशींनी वैताग आणलाय. .२२ घ्यावी, मॅग्नम घ्यावी की ती नवीन .१७?" प्रश्न बरोबर आहे आणि चुकीचाही आहे. बरोबर का, ते आधी बघू. त्यात आपल्या सिलॅबसमधलं बरंच काही येतं.

काडतुसात चार गोष्टी असतात : पितळेचा कोश, आतली दारू, पुढे शिशाची गोळी आणि दारू पेटवणारा मसाला, म्हणजे प्रायमर. मोठ्या रायफलच्या काडतुसात प्रायमरची वेगळी वाटी बुडाच्या मधोमध बसवलेली असते. रिमफायरमध्ये अशी वाटीच नाही. कोशाच्या बुडाची कड बाहेर दुमडून पोकळ ठेवतात, ओला मसाला आत टाकतात आणि कोश गरगर फिरवतात. सेंट्रिफ्युगल फोर्सनं मसाला कडेच्या पोकळीत जाऊन बसतो आणि तिथंच वाळतो. घोडा ओढला की फायरिंग पिन कडेवर आपटते, कड चेपते आणि मसाला पेट घेतो. व्हायवात कुणी सेंट्रिफ्युगल फोर्सचं उदाहरण विचारलं तर वॉशिंग मशीनऐवजी हे सांगून बघा.

आता गोम अशी की कड चेपायची तर पत्रा पातळ पाहिजे, आणि पातळ पत्रा जास्त प्रेशर सोसत नाही. .२२ लाँग रायफलची मर्यादा २४,००० पीएसआय आहे. मोठ्या .३०८ ची ६२,००० आहे. म्हणजे डिझायनरनं कितीही डोकं लढवलं तरी रिमफायरला या कुंपणाबाहेर जाता येत नाही. फायदा असा की काडतूस स्वस्त पडतं, आवाज आणि धक्का कमी. तोटा असा की वापरलेला कोश पुन्हा भरता येत नाही.

या कुंपणाच्या आत भावंडं बरीच आहेत. फ्रान्समध्ये फ्लोबेर नावाच्या कारागिरानं १८४५ च्या सुमारास सुरुवात केली. १८५७ मध्ये स्मिथ अँड वेसननं .२२ शॉर्ट काढलं. १८८७ मध्ये स्टीव्हन्स कंपनीनं लाँग रायफल काढलं, आणि ते आजपर्यंत टिकलं. १९५९ मध्ये विंचेस्टरचं .२२ मॅग्नम आलं. २००२ मध्ये हॉर्नडी कंपनीनं त्याच मॅग्नमच्या कोशाचा गळा आवळून त्यात .१७ इंचाची बारीक गोळी बसवली, ते .१७ एचएमआर.

आता आकडे. गोळीचं वजन ग्रेनमध्ये सांगतात. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, आपल्या सोनाराच्या गुंजेपेक्षाही लहान. लाँग रायफलची गोळी ४० ग्रेन, म्हणजे २.६ ग्रॅम. साध्या टार्गेट काडतुसात ती सेकंदाला साधारण ३२५ मीटर वेगानं निघते. हाफ एम व्ही स्क्वेअर घातलं तर १३७ ज्यूल येतात. मॅग्नम तेवढीच गोळी सुमारे ५७० च्या वेगानं फेकतं, म्हणजे ४२० ज्यूलच्या आसपास. .१७ ची गोळी फक्त १७ ग्रेनची, १.१ ग्रॅम, पण वेग सुमारे ७७५. एनर्जी ३३० ज्यूल. तुलनेला, बिनलायसन्सच्या एअरगनला आपल्याकडे २० ज्यूलची मर्यादा आहे.

नुसत्या ज्यूलवर निवड करायची नसते. लाँग रायफल ५० यार्डाला जुळवलं तर १०० यार्डावर गोळी सुमारे १५ सेंटिमीटर खाली जाते, .१७ मात्र जवळजवळ सरळ जाते. म्हणून तिकडचे लोक ५०-६० यार्डाच्या आत आणि रोजच्या सरावाला लाँग रायफल घेतात, आणि शंभर-सव्वाशे यार्डावरच्या छोट्या जनावराला .१७. मॅग्नम मधलं, थोड्या मोठ्या जनावरासाठी. .१७ ची पातळ आवरणाची गोळी आपटली की फुटून जाते, म्हणून दगडावरून उसळून जायची भीती कमी. शिशाची .२२ दगडावरून, अगदी पाण्यावरूनही उसळते. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची : मॅग्नमच्या चेंबरमध्ये लाँग रायफलचं काडतूस आत शिरतं, पण ते सैल बसतं. कोश फाटून गॅस मागं येऊ शकतो. नावात दोन्हीकडे .२२ आहे म्हणून चालतंय असं नाही.

मला स्वतःला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटली ती वाऱ्याची. लॉजिक सांगतं, गोळी जितकी फास्ट तितका वारा तिला कमी ढकलणार. पण लाँग रायफलमध्ये ३८० मीटरवालं हाय व्हेलॉसिटी काडतूस ३२५ वाल्यापेक्षा वाऱ्यानं जास्त वाहवतं! कारण वाहवणं एकूण वेळेवर अवलंबून नसतं. हवाच नसती तर लागला असता त्यापेक्षा गोळीला जितका उशीर होतो, त्या उशिरावर अवलंबून असतं. वाऱ्याचा वेग गुणिले हा उशीर, बस. आवाजाच्या वेगाच्या, म्हणजे साधारण ३४३ मीटरच्या जवळपास हवेचा ड्रॅग एकदम चढतो. हाय व्हेलॉसिटी गोळी नेमकी त्या पट्ट्यातून खाली येते आणि जास्त उशीर करते. म्हणून ऑलिंपिकवाले मुद्दाम आवाजाहून हळू काडतूस वापरतात.

त्यांची अचूकता किती लागते बघा. ५० मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. फायनलमध्ये दशांश मोजतात, आणि एक दशांश म्हणजे ०.८ मिलिमीटर. आता एका काडतुसाचा वेग दुसऱ्यापेक्षा फक्त ५ मीटरनं कमी आला, तर जी एक्स स्क्वेअर बाय टू व्ही स्क्वेअर करून बघा, गोळी साडेतीन-चार मिलिमीटर खाली लागते. म्हणजे चार-पाच दशांश गेले, आणि त्यात नेमबाजाची काहीच चूक नाही. कडेतला मसाला सगळीकडे सारखा पसरला नाही एवढंच कारण पुरतं. म्हणून मोठे नेमबाज रायफल शिकंजात बांधून काडतुसांचे वेगवेगळे लॉट तपासतात आणि आपल्या बॅरलला मानवेल तोच लॉट घेतात. क्वालिटी कंट्रोलच्या लेक्चरला झोपणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

आता प्रश्न चुकीचा का, ते. वारणेच्या पट्ट्यात शेतं तुकड्यातुकड्यांची. बांधाला बांध, मध्ये पाणंद, पलीकडे वस्ती. ऊसतोड चालू असेल तर फडात बायका-पोरं असतात. .२२ ची गोळी दीड-दोन किलोमीटर जाऊ शकते. कोडोलीच्या कुठल्याही शिवारात उभं राहून दोन किलोमीटरचं वर्तुळ काढा आणि त्यात किती घरं येतात मोजा. शिवाय घूस रात्रीची बाहेर पडते, आणि उभ्या उसात दोन हातांपलीकडचं दिसत नाही. नेम कशावर धरणार?

कायदाही तेच सांगतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पॉइंट टू टू रायफलचा नाव घेऊन उल्लेख आहे, पण तो मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला नेमबाजीच्या सरावासाठी. पीक राखायला त्याच कलमात ठासणीची बंदूक सांगितली आहे. ससा, साळिंदर, मुंगूस यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. एअरगननं मारला तरी गुन्हा तो गुन्हाच, त्यामुळे "एअरगनला कुठं लायसन्स लागतंय" म्हणणाऱ्यांनी जपून. पूर्वी उंदीर, कावळा, फळं खाणारी वटवाघळं यांची उपद्रवी म्हणून वेगळी यादी होती. २०२२ च्या दुरुस्तीनं ती यादीच गेली, १ एप्रिल २०२३ पासून. रानडुकराचा त्रास असेल तर कलम ११ खाली वनखात्याच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. आणि डुकरावर .२२ चालवणं म्हणजे जनावर जखमी करून उसात सोडणं, जे सगळ्यात वाईट.

मग घुशींचं काय? उपाय जुनाच आहे आणि चालतो. संध्याकाळी सगळी बिळं मातीनं बुजवायची. सकाळी जी उकरलेली दिसतील ती जिवंत बिळं. दोन-तीन दिवस त्यात नुसता तेल लावलेला भरडा ठेवायचा, कारण घूस नवीन खाण्यावर लगेच विश्वास ठेवत नाही. मग ४८ भाग भरडा, १ भाग तेल, १ भाग झिंक फॉस्फाइड असं आमिष कागदात गुंडाळून बिळात टाकायचं आणि तोंड बंद करायचं. हातमोजे पाहिजेतच, कारण या विषावर उतारा नाही. मेलेल्या घुशी गोळा करून पुरायच्या, नाहीतर कुत्री-मांजरं खातात. एकट्यानं करून उपयोग नाही, शेजारच्या बांधातनं पंधरा दिवसांत नवीन घुशी येतात. सगळ्या गटानं एकदम करावं. आणि गव्हाणी घुबड दिसलं तर अशुभ म्हणून हाकलू नका, ते रात्रभर आपलंच काम फुकटात करत असतं.

बाकी ज्यांना खरंच घोडा ओढून बघायचा आहे त्यांनी एनसीसीत जावं किंवा क्लबात नाव घालावं. लायसन्सला २१ वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे मलाही अजून थांबायचं आहे, पण क्लबात देखरेखीखाली सराव त्याआधीही करता येतो. सुरुवात १० मीटर एअर रायफलनं करतात. त्यातलं दहाचं वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचं असतं, पेन्सिलीच्या टोकाच्या ठिपक्याएवढं.