घरची मोरी

सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी सिंधू नदीच्या काठी मोहेंजोदडो हे नगर वसले होते. तेथील घरांचे सांडपाणी विटांच्या नालीने रस्त्यावरील झाकलेल्या गटारात जाई. गाळ तळाशी बसावा म्हणून वाटेत कुंड्या बांधलेल्या असत. नाली बांधून काम संपत नाही. ती वाहती ठेवावी लागते, हे त्या लोकांनी जाणले होते.

आज जेथे भुयारी गटार नाही, तेथे घराजवळ सेप्टिक टाकी असते. तीत जड मैला तळाशी बसतो आणि सूक्ष्म जंतू तो हवेवाचून कुजवितात. वरचे पाणी शोषखड्ड्यात जाऊन जमिनीत मुरते. परंतु सर्वच मैला नाहीसा होत नाही. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी टाकी उपसावी लागते. हे कर्तव्य घरमालकाचे होय.

टाकीत विषारी वायू साठतो. आत उतरलेला मनुष्य क्षणात बेशुद्ध पडतो आणि त्याला वाचवावयास धावणाराही प्राणास मुकतो. म्हणूनच संरक्षक साधनांवाचून कोणालाही टाकीत उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई केली आहे. उपसा यंत्रानेच करवावा.

मोरीत खरकटे, तेल, चिंध्या टाकू नयेत. जाळी रोज साफ करावी. त्यात घराचे आरोग्य आहे आणि सफाई करणाऱ्याचे प्राणही.

प्रश्न : १. सेप्टिक टाकी वेळोवेळी का उपसावी लागते? २. टाकीत उतरणे घातक का आहे?